आमचा जयेश

कोपरीच्या जयेश भोईरनं गिझर आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचा स्वतःचा धंदा काढला, त्याला चार वर्षं झाली होती. मुलीच्या नावानं 'दक्षता होम सर्व्हिस'. हात असा, की त्यानं एकदा खोललेलं मशीन पुन्हा रडायचं नाही. घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. मशीन बिघडत नाही म्हणून जुनी माणसं बोलवत नाहीत, आणि नवी येणार कुठून?

जाहिरातीला पैसा नव्हता, म्हणून स्वस्तातलं सगळं करून झालं. पेपरवाल्याला गाठून पेपरात हँडबिलं घातली. ती लोकांनी कपाटात अंथरली. मेव्हण्याच्या रिक्षामागे नंबर लावला, तर फोन यायचे ते 'घोडबंदरला येणार का' म्हणून. इंटरनेटच्या नकाशावर नाव चढवलं, ते पन्नास नावांच्या खाली जाऊन बसलं.

राहता राहिली ओळख. कोलशेतच्या एका टॉवरमध्ये नंदाकाकू राहायच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचा गिझर, मशीन, झालंच तर मिक्सरसुद्धा जयेशच बघायचा.

"काकू, तेवढा माझा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाका ना."

"टाकते रे. चहा घेतोस?"

चहा दर वेळी मिळाला.

शेवटी जयेशनं बायकोशी, सोनलशी ठरवलं, की पाडव्यापर्यंत बघायचं. नाहीतर धंदा बंद करून अ‍ॅपवाल्या कंपनीत नाव घालायचं. तिथे काम मिळत होतं, पण एक अट होती. गिऱ्हाइकाला स्वतःचा नंबर दिला की दुसऱ्या दिवसापासून घरी.

पाडव्याच्या आठ दिवस आधी त्यानं काकूंना सरळ विचारलं. काकूंनी चष्मा काढून पुसला.

"खरं सांगू का, जयेश? ग्रुपवर नंबर टाकला की दीडशे घरं तुझ्यामागे लागतील. मग माझा गिझर बंद पडला की तू चार दिवसांनी उगवणार. या वयात मी कुणाला शोधत बसू? तू आमचा माणूस आहेस."

"काकू, असंच चाललं तर धंदा बंद करावा लागेल."

"काहीतरीच बोलतोस. इतका चांगला हात आहे तुझा!"

बोलल्या अगदी मायेनं. हेच वाईट होतं. भांडणाऱ्याशी भांडता येतं, मायेनं गळा धरणाऱ्याचं काय करणार? त्या विंगमध्ये जयेशची आणखी पाच घरं होती. सहाही घरं त्याला जपून ठेवून होती, सोन्याचा दागिना ठेवावा तशी. दागिन्याला पोट नसतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी जयेशनं कंपनीचा टी-शर्ट चढवला. सोनलनं त्याला इस्त्री करून ठेवली होती.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीनं त्याला त्याच टॉवरमध्ये पाठवलं, काकूंच्या समोरच्या दारात. समीक्षा मॅडमचं मशीन वर्षभर थरथरत होतं. पाच जण येऊन हात हलवत गेलेले. जयेशनं पाऊण तासात ते गप्प केलं.

"अहो, होता कुठे तुम्ही इतकी वर्षं?" मॅडमनी तिथल्या तिथे मोबाईल उघडला. "नंबर सांगा तुमचा. आत्ता ग्रुपवर टाकते. सगळे विचारत असतात, कुणी चांगला माणूस आहे का."

जयेशनं पान्हा पिशवीत ठेवला. दहा आकडे नुसते जिभेवर होते. चार वर्षं हे वाक्य ऐकायला त्यानं कान टवकारले होते.

"मॅडम, अ‍ॅपवरूनच बुक करा," तो म्हणाला. "नंबर द्यायला बंदी आहे."

"पण तुम्हीच याल ना?"

"ते आपल्या हातात नसतं. कोणालाही पाठवतात."

मॅडमनी मोबाईल ठेवून दिला. जयेश पिशवी उचलून बाहेर आला, तर नंदाकाकू दारातच उभ्या. त्यांनी त्याचा आवाज ओळखला होता. टी-शर्ट मात्र आत्ता पाहिला.

"अगंबाई, हे काय घातलंस?" मग समोरचं दार बंद आहे याची खात्री करून त्या हळूच म्हणाल्या, "माझा गिझर परवापासून तापत नाही रे. आत येतोस?"

जयेशला वाटलं, जावं. दोन मिनिटांचं काम होतं. पण मोबाईल वाजला. कंपनीनं पुढचा पत्ता पाठवला होता, वीस मिनिटांत पोचायचं होतं.

"काकू, एकदा टाकला असतात नंबर," तो म्हणाला, आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरू लागला.