नऊ जीबीची अर्धवट फाइल

अकरा पत्रं लिहिल्यावर कंपनीने एकदाची लिंक पाठवली, सकाळी नऊला. खाली एक ओळ: आज संध्याकाळी पाचला सर्व्हर पुसला जाईल. पुलाला बसवलेल्या यंत्रांनी दोन वर्षं टिपलेले हादरे, एकच अखंड फाइल, एकशे साठ जीबी. पुलाच्या दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे हादरे ताडून पाहायचे, एवढाच माझा प्रबंध. आणि लॅपटॉपवर मोकळी जागा वीस जीबी. नवी डिस्क आण म्हणून नवऱ्याला आठवडाभर सांगत होते. तो रोज आणणार होता.

मग दुसरी वाट धरली. फाइलीत नुसते आकडेच आकडे, आणि दाबले की ते दहाव्या हिश्शात बसतात. म्हणून जसजसं उतरेल तसतसं दाबायचं आणि दाबलेलं तेवढंच डिस्कवर ठेवायचं. मूळ फाइल घरात पाऊलच टाकत नाही. नवऱ्याला समोर बसवून हे समजावलं. तो "हं" म्हणाला.

दुपारी एकला डिस्कवर नऊ जीबी होते, म्हणजे नव्वद आत आले होते. लेक माझं बोट मुठीत धरून पेंगत होती. तिच्या केसांना दुधाचा वास येत होता. तिच्यासोबत मीही आडवी झाले आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणी न उठवता जागी झाले. दोन वाजले होते.

पडद्यावर डिस्क भरल्याची पाटी. समोर नवरा, चेहरा मदत केल्याचा. त्याचं म्हणणं असं, की चार तासांत एकशे साठपैकी नऊच आले, म्हणजे गाडी अडकली होती. मला झोपेतून कशाला उठवायचं, म्हणून त्याने ते बंद केलं, ती अर्धवट फाइल कायमची पुसून जागा केली आणि ब्राउझरमधून सगळं 'नीट' लावून दिलं.

लेक उठेल म्हणून मी कुजबुजत भांडले. कुजबुजत भांडायला फार ताकद लागते. माकडाच्या हाती कोलीत दिलं ही माझीच चूक, असंही म्हणून झालं. त्यावर तो म्हणाला, "तू सांगायला हवं होतंस."

"सकाळी सांगितलं. तू हं म्हणालास."

तीन तास उरले होते. तेवढ्यात जेमतेम सत्तर जीबी उतरणार. पहिलं वर्ष घेतलं तर दुरुस्तीनंतरचं काही नाही, शेवटचं घेतलं तर आधीचं काही नाही. दातओठ खात बसले आणि हिशेब केला. दुरुस्ती बरोबर मधोमध झाली होती. सर्व्हरकडे फाइल मधूनच मागता येते. ब्राउझरने भरलेलं पुसलं, पहिले पंचेचाळीस जीबी सोडले, तिथून पुढचे मागितले आणि पुन्हा उतरता उतरता दाबत गेले. मधे एकदा लेकीला मांडीवर घेऊन पाजलं, नजर पडद्यावर. नवरा दारात दोनदा येऊन गेला. मी मान वळवली नाही.

पाचला धागा तुटला. दोन वर्षांपैकी दहा महिने हाती आले, दुरुस्तीच्या दोन्ही बाजूंचे. प्रबंध जगेल, पण खंगलेला.

मार्गदर्शक बाईंना कळवायला बसले. चौदा महिन्यांची नोंद का नाही, त्याचं कारण लिहिणं भाग होतं. नवरा लेकीला खांद्यावर घेऊन मागे उभा राहून वाचत होता.

"माझं नाव लिहितेस?" त्याने हळूच विचारलं.

"नाव नाही. नातं लिहिते," मी म्हटलं, आणि लिहिलं.