मागच्या चाकांचे ब्रेक

"नत्थुजी, तुमीबी चाला ना. जागा आहे पुढं," गाडीखालून बाहेर येत चंद्रभान म्हणाला.

नत्थुजी रस्त्यापलीकडे स्वतःच्या दुकानाच्या फळीवर बसून होता. अमरावतीत मोटारी नवलाच्या होत्या तेव्हापासून तो त्या दुरुस्त करत आला होता. चंद्रभान त्याच्याच हाताखाली शिकला आणि त्याच्याच समोर दुकान टाकून बसला. उत्तमराव देशमुखांनी आपली जुनी मोटार चिखलदऱ्याला माणसं नेण्याजोगी करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते काम आपलंच, असं नत्थुजी धरून चालला होता. काम गेलं चंद्रभानकडे. त्यानं मागची बाजू वाढवून बाकडी बसवली, गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी कमानींत जादा पाटे घातले, मागच्या चाकांना मोठे ब्रेक लावले. नत्थुजी रोज पलीकडून पाहत होता. खोट काढायला जीव आसुसला होता आणि खोट सापडत नव्हती.

आज सापडली. उत्तमरावांची आई पार्वताबाई, सुना, नातवंडं चिखलदऱ्याला निघायला मागं बसली तशी गाडी दबली, आणि पायडलाकडून चाकांकडे जाणारी ब्रेकची सळई ढिली पडून लोंबली. चंद्रभाननं ती रिकाम्या गाडीत कसली होती. भरल्या गाडीत ब्रेक धरणार नव्हते.

"चालतो," नत्थुजी म्हणाला. चंद्रभानची फजिती त्याला जवळून पाहायची होती.

परतवाड्याच्या बाजारात एक बैलगाडी आडवी आली. चंद्रभाननं पायडल दाबलं तरी मोटार थांबता थांबता तिच्या चाकाला टेकली.

"नवे हायेत ब्रेक. बसतील हळूहळू," चंद्रभान म्हणाला.

पुढं चढच होता, तिथं ब्रेकचं काम नव्हतं. वर पोचल्यावर देवीला नारळ फुटला. झाडाखाली जेवणं झाली. "असा कारागीर वऱ्हाडात दुसरा नाई," उत्तमराव भेटेल त्याला सांगत होते. नत्थुजीच्या तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला. सांगा म्हणावं, पोटभर सांगा. उतारावर कळेल.

परतीला सगळे गाडीत बसले. कमानी पुन्हा दबल्या. नत्थुजीनं चढायला पाय उचलला आणि तो पुन्हा खाली ठेवला. आपल्या जिवाची भीती वाटली की मागच्या लेकरांची, हे त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"चंद्रभान, इकडं ये," तो हळूच म्हणाला. "खाली पाह्य. सळई पाह्य."

चंद्रभान वाकला. त्यानं सळई हातानं हलवून पाहिली. उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आता काय करू, नत्थुजी?"

"कोणाले उतरू देऊ नको. पाना दे मले."

नत्थुजी धोतर खोचून गाडीखाली शिरला आणि भरल्या गाडीतच त्यानं सळई कसली. "गाडी रिकामी झाल्यावर ब्रेक चाकाले घासतील थोडे," तो बाहेर येत पुटपुटला. "उद्या सळईचा खुंटा कमानीच्या टोकापाशी घे. मंग वजनानं फरक नाई पडत."

एवढ्यावर ते मिटलं असतं. कोणाला काही कळलं नव्हतं. पण चंद्रभाननं सगळ्यांसमोर उत्तमरावांना हात जोडले.

"माही चूक झाली होती, आबासाहेब. नत्थुजी नसते तर आज घाटातून कोणी परत गेलं नसतं."

मग पार्वताबाई म्हणाल्या, "पाह्य बापा, केवढं मोठं मन आहे चंद्रभानचं. आपली चूक चारचौघांत कोण सांगते?"

"खरंच आहे," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी चंद्रभानच्या पाठीवर हात ठेवला.

नत्थुजीनं हाताचं वंगण गवताला पुसलं आणि तो पुढं चंद्रभानशेजारी जाऊन बसला.

गाडी घाट उतरू लागली. प्रत्येक वळणावर चंद्रभान पायडल दाबायचा आणि गाडी मुकाट्यानं हळू व्हायची. मागं बायका गाणी म्हणू लागल्या होत्या. नत्थुजी समोर दरीकडे पाहत होता. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय, जिथं कुठलंच पायडल नव्हतं त्या फळीवर, घट्ट दाबला जात होता.