स्तोयाकाकांचा डोळा

बेलग्रेडला जाताना दुन्या आपली बोली गावी, व्रान्येतच ठेवून जायची. दक्षिणेकडचे सूर कानावर पडले की राजधानीतले लोक आधी हसतात आणि मग ऐकतात, हे तिला कॉलेजातच कळलं होतं. म्हणून पायाच्या फोटोवरून बुटाचं अचूक माप काढणारी कंपनी उभी करताना तिने सरळ ठोकून दिलं, की डोक्याचं काम सगळं बेलग्रेडच्या ऑफिसात चालतं, व्रान्येत नुसते बूट शिवतात. ऑफिस कसलं, मैत्रिणीच्या घरचा पत्ता होता तो.

खरं डोकं होतं स्तोयाकाकांचं. गावातल्या बंद पडलेल्या बूट कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं लाकडी साचे घडवले होते. संगणकाने काढलेली मापं ते रोज सकाळी फोटोंशी ताडून बघत आणि त्यातली निम्मी दुरुस्त करत. दुन्याला पायाची ओळख त्यांनीच करून दिली. पण बाहेर तिने त्यांचं नाव कधी काढलं नाही. संगणकाची कंपनी म्हणवायचं आणि आत म्हातारा बसवायचा, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मग कंपनीत पैसे घालू पाहणारे रेल्यासाहेब म्हणाले, मी स्वतःच व्रान्येला येऊन बघतो.

"काका, उद्या कोणी विचारलं ना," दुन्या खाली बघत म्हणाली, "तर वॉचमन आहे म्हणून सांगा."

काकांनी मान डोलावली. "बरं. टोपी घालू का?"

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी फाटक उघडलं आणि पाहुण्यासाठी चेरीचा मुरांबा, पाणी, कॉफी असं तबकही आणून ठेवलं. रेल्यांनी मोजा काढून पांढऱ्या कागदावर पाय ठेवला. दुन्याने फोटो काढला. पडद्यावर आकडा आला, बेचाळीस.

"बेचाळीस?" रेल्या हसले. "अहो, वीस वर्षं चव्वेचाळीस घालतोय मी! मग तुमच्या गिऱ्हाइकांना बूट नीट बसतात तरी कसे?"

काकांनी त्या पायाकडे एकदाच पाहिलं आणि झटकन मान भिंतीकडे वळवली. ते पाहून दुन्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बास.

"काकांमुळे," ती म्हणाली, आणि तेही गावच्या बोलीत. "संगणक चुकतो, काका सुधारतात. हे वॉचमन नाहीत, आमचे उस्ताद आहेत. मी खोटं बोलले तुमच्याशी."

रेल्या वळले. "काय हो, खरं का हे?"

"कोण, मी?" काका दचकले. "काहीतरीच काय, साहेब! मी फाटक उघडतो. डोकं सगळं पोरीचं. आज मशीनच जरा बिघडलंय."

"काका, खरं सांगा ना!"

"खरंच सांगतोय की."

रेल्यांनी मोजा चढवला. "मशीन चुकलं तर चुकलं म्हणावं, मॅडम. गरीब वॉचमनच्या आड लपू नये." मुरांब्याला हात न लावता ते निघून गेले.

गाडी लांब गेल्यावर काका फाटक लावून आले. चेहरा नुसता खुलला होता.

"ऐन वेळी घाबरलीस होय गं? पण मी नाही हललो. बरोबर बोललो ना, पोरी?"