कोड बंदराचाच होता

माझ्या मावशीला जगातल्या शेकडो गावांचे फोन कोड तोंडपाठ आहेत, आणि कित्येक वर्षं मला त्याचा नुसता वैताग होता. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून एकतीस वर्षं तिने लोकांचे ट्रंककॉल जोडून दिले. आता ती माझ्या चष्म्याच्या दुकानात खुर्ची टाकून बसते आणि गल्लीतलं कुणीही मोबाइल नाचवत आत येतं.

"मावशी, हा नंबर कुठला हो?"

"लांबच्या बेटावरचा. एक रिंग देऊन कापला ना? उलट फोन करू नकोस. मिनिटाला खिसा कापतात."

माणूस खूश होऊन निघून जातो, चष्म्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी दुपारी मी एका काचेची कड घासत होतो, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. नंबर परदेशातला. पलीकडची बाई आपल्याच भाषेत भराभर बोलत होती. माझी मुलगी मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. बाई म्हणाली, मी हॉस्पिटलमधून बोलतेय; ती इंजिनरूमच्या शिडीवरून पडली, डोक्याला मार लागलाय, अर्ध्या तासात ऑपरेशन करायचंय आणि पैसे भरल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. बाईने मुलीचं नाव सांगितलं, जहाजाचंही सांगितलं.

दुकानातल्या लँडलाइनवरून मुलीला फोन लावला. बंद. मग मोबाइल स्पीकरवर टाकून तो नंबर मावशीसमोर धरला.

कोड वाचून मावशीचा चेहरा उतरला. "त्याच बंदराचा आहे रे," ती हळूच म्हणाली.

मुलीचं जहाज परवाच तिथे लागलं होतं. तिने बंदराचा फोटोही टाकला होता, अख्ख्या दुनियेला दिसेल असा. त्यात मावशी बोलली म्हणजे शिक्कामोर्तबच. मी बँकेचं ॲप उघडलं. घर घ्यायला साठवलेलं सगळं त्यात होतं, पण त्या क्षणी मला घर आठवलंसुद्धा नाही.

"फोन ठेवू नका हं दादा," बाई म्हणाली. "पैसे जाईपर्यंत चालूच ठेवा. अजिबात कापू नका."

मावशी ताठ बसली. तिने हात लांब केला आणि फोन कापला.

"वेड लागलंय का तुला!" मी ओरडलो. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली. मावशीवर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता.

"ओरड हवं तेवढं. हॉस्पिटलवाल्यांना फोन ठेवायचीच घाई असते. ठेवू नका म्हणणारं एकतीस वर्षांत एकही भेटलं नाही मला. आणि एक ऐक. तातडीचा निरोप आला की आपल्या बाजूने उलट फोन लावून बघायचा, मगच पुढे जोडायचा, ही आमची कामाची रीत होती. मी मेली कोडवर भाळले आणि रीत विसरले."

"अगं, पण कोड बरोबर आहे म्हणालीस ना?"

"कोड ओळखीचा आहे. बाई ओळखीची आहे का?"

तिने लँडलाइन पुढे ओढली, तिचा स्पीकर लावला आणि तोच नंबर फिरवला. तिकडे रिंग जात असतानाच माझा मोबाइल पुन्हा वाजायला लागला. तोच बंदराचा नंबर, एकेक आकडा तोच. आणि लँडलाइनवर, त्याच नंबरावर, एका म्हाताऱ्या पुरुषाने फोन उचलला.

मी एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा लँडलाइनकडे. एकच नंबर माझ्या हातात खोटं बोलायला वाजत होता आणि टेबलावर खरं बोलत होता.

मावशी आणि तो म्हातारा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागले. तो बंदरावरचा पाववाला होता. कुणीतरी त्याच्या नंबराचा मुखवटा घालून जगभर फोन करत होतं. सकाळपासून चाळीसेक माणसांनी त्याला उलट फोन केले होते. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. काहींचे पैसे गेलेही होते. त्यांची माणसं त्या गावात कधी आलीच नव्हती, त्यामुळे बिचारा सांगणार तरी काय?

मावशीने त्याचं सगळं निवांत ऐकून घेतलं. मग तिने जहाजाचं नाव सांगितलं.

"तिथे तर मी पाव पोचवतो," तो म्हणाला. "फोन ठेवू नका."

या वेळी मावशी हसली. "ह्याचं चालेल," ती मला म्हणाली.

त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि तो गेला. आम्ही ऐकत राहिलो. दाराची घंटी किणकिणली. कुठेतरी समुद्रपक्षी कर्कश ओरडले, एक गाडी मागे घेताना पिकपिकली, कुणीतरी खोकत आत आलं आणि पाववाला नाही बघून परत गेलं. हजारो मैलांवरचं एक दुकान माझ्या काउंटरवर जिवंत झालं होतं. मावशीने एकतीस वर्षं रोज हेच केलं होतं, आणि मी त्याला नंबरांची टकळी म्हणत आलो होतो. मला त्या मुलखाचं कौतुक वाटावं की माझ्या शेजारी डोळे मिटून बसलेल्या या बाईचं, कळेना. छाती भरून आली होती आणि भीतीही गेली नव्हती. मुलगी आता जहाजावर नसेल तर? खरंच पडली असेल तर?

पंचवीस मिनिटांनी घंटी पुन्हा किणकिणली. धावती पावलं आली.

"बाबा?" धापा टाकणारा आवाज माझ्या मुलीचाच होता. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत," मावशीने सांगितलं. "तू कशी आहेस?"

"मला काय होणार? इंजिनच्या ग्रीसने बरबटलेय नुसती, मोबाइल केबिनमध्ये बंद पडलाय. पण आजी, हे पाववाले काका मला धरून रडतायत. म्हणतायत, सकाळपासून सगळे आपापली माणसं विचारत होते, आणि त्यांना सापडलेली मी पहिलीच."