पाऊण तासाचं काम

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर एक पुठ्ठ्याचा डबा गेलं वर्षभर पडून होता. डब्यावर मिस्त्रींच्याच अक्षरात ‘सर’ एवढंच लिहिलेलं, आणि खाली माल आला ती तारीख. आत मोटारीचं इग्निशनचं कुलूप होतं, कोरं, नव्या किल्ल्यांसकट. तशाच बनावटीच्या दोन गाड्या मध्यंतरी येऊन गेल्या. दोन्ही वेळा मिस्त्रींनी दुकानातून दुसरं कुलूप मागवलं आणि या डब्याला हात लावला नाही.

बायकोनं एकदा झाडता झाडता विचारलं, “अहो, हा डबा कुणाचा?”

“आहे एकाचा.”

“तो एक येतो का कधी न्यायला?”

मिस्त्री नटबोल्ट निवडत बसले. त्यानंतर तीही डब्याच्या कडेकडेनं झाडायला लागली. पंचवीस वर्षांच्या संसारात कुठे फडकं मारायचं आणि कुठे नाही, एवढं कळतंच.

मिस्त्री माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उलट फार चांगला म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि तो होता त्यांच्या युक्त्यांमुळे. दार लागत नाही? जरा उचलून लोटा. काच अडकते? वरच्या कडेला एक थाप द्या. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री मोकळे. “आमचे मिस्त्री उगाच काम काढत नाहीत,” असं लोक कौतुकानं सांगायचे आणि मिस्त्री ते ऐकून फुगायचे. युक्ती म्हणजे दुरुस्ती नव्हे, युक्ती म्हणजे नुसतं वेळ मारून नेणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पान्हा घेऊन गाडीखाली शिरणं वेगळं.

सर म्हणजे शाळेतले चित्रकलेचे सर. त्यांची गाडी बंद केल्यावर स्टिअरिंग जे लॉक व्हायचं ते सुटता सुटायचं नाही, आणि किल्ली फिरता फिरायची नाही. कुलपातल्या पट्ट्या झिजल्या होत्या. मिस्त्रींनी नवं कुलूप मागवलं, आणि ते येईपर्यंत म्हणून युक्ती शिकवली: स्टिअरिंग डावीकडे दाबून धरायचं, किल्ली केसभर बाहेर ओढायची, मग दोन्ही हात एकदम. सर पहिल्याच दिवशी शिकले. कुलूप आलं तेव्हा सरांचा फोनही आला, “मिस्त्री, माझ्या किल्लीनं जमतं हो, पण घरातली दुसरी किल्ली अजिबातच फिरत नाही.”

“पुढच्या आठवड्यात आणा. पाऊण तासाचं काम आहे.”

पुढचा आठवडा आला तेव्हा मिस्त्री म्हणाले पुढचा आठवडा. सर भिडस्त. असे तीन आठवडे गेले. चौथ्यात एका सकाळी सरांच्या छातीत दुखायला लागलं. बायकोनं त्यांना कसंबसं मागच्या सीटवर बसवलं, आणि गाडी जागची हलली नाही. शेजारच्यांना उठवून, त्यांची गाडी काढून दवाखान्यात पोचेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर म्हणतात तसं. ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं.

सर गेल्यावर मिस्त्री भेटायला गेले होते. दारापाशी, चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहिले आणि तसेच परतले. तेव्हापासून सरांच्या रस्त्यानं जायचं त्यांनी सोडलं. बॅटरीवाल्याकडे जायला तो रस्ता जवळचा, पण हे शाळेला वळसा घालून जायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आणि मग वर्षानं सरांच्या बायकोचाच फोन आला.

“मिस्त्री, रविवारी माझा भाऊ गाडी न्यायला येणार आहे. चाकं वळलेली आहेत, स्टिअरिंग जाम आहे, ढकलतासुद्धा येत नाही. घरी येऊन बघाल का?”

मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी भरली, एक चार्ज केलेली बॅटरी घेतली. फळीपाशी स्टूल ओढलं, डबा काढला आणि पिशवीत तळाशी, फडक्याखाली घातला. दुकानातून दुसरं कुलूप आणता आलं असतं. ते त्यांनी का आणलं नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

गाडी इमारतीखाली खांबाला लागून उभी होती. पुढची चाकं डावीकडे वळलेली, टायर बसलेले, काचेवर बोट फिरवलं तर नाव उमटेल इतकी धूळ. सरांची बायको दोन किल्ल्या घेऊन खाली आली. वर्षात वाळली होती.

“या, मिस्त्री. तुम्ही काही आला नाहीत नंतर.”

साधं बोलणं होतं, पण चोराच्या मनात चांदणं. “कामं होती, वहिनी,” असं काहीतरी पुटपुटून त्यांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरी बदलायला घेतली.

नवं कुलूप बसवायचं तर जुनं काढावं लागतं, आणि जुनं निघायला किल्ली निदान एक घर तरी फिरावी लागते. मिस्त्रींनी कुलपात शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखी काळी पूड फुंकली. सरांची किल्ली घातली, स्टिअरिंग दाबलं, युक्ती केली. नाही. पुन्हा केली. नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं कुलपावर टकटक करत सातव्यांदा किल्ली कचकचत फिरली आणि स्टिअरिंग सुटलं. युक्ती शिकवणाऱ्याला सात वेळा.

ती खिडकीपाशी वाकून बघत होती. “तुमचा हात तयारीचा,” ती म्हणाली. मग आत हात घालून तिनं समोरच्या काचेवरची उन्हाची झडप खाली केली. “हे बघा.”

झडपेच्या आत चिकटपट्टीनं एक कागद लावला होता. सरांच्या हातचं चित्र. गोल स्टिअरिंग, दोन हात, बाण, एक, दोन, तीन. कोपऱ्यात मिशावाला माणूस पान्हा घेऊन हसत होता, आणि वर झोकदार अक्षरात लिहिलं होतं: ‘मिस्त्रींची युक्ती’.

“माझ्यासाठी काढून ठेवलं होतं यांनी. मला गाडी येते, पण हे काही जमेना, म्हणून.” तिचा आवाज सपाट होता. “त्या दिवशी चित्र समोर होतं, मिस्त्री. अगदी समोर. एक, दोन, तीन. मी पन्नास वेळा केलं असेल. हे मागून सांगत होते, हळू कर, घाबरू नकोस. आणि माझे हात धड चालेनात. एवढं सोपं करून दिलं होतं माणसानं, तरी मला जमलं नाही. भावालासुद्धा मी हे सांगितलं नाही अजून.”

मिस्त्रींनी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची त्यांना वर्षाची सवय होती. जुनं कुलूप काढून नवं बसवलं की काम झालं. रविवारी गाडी गेली की डोळ्यांसमोरूनही गेली. चित्रातला मिशावाला त्यांच्याकडे बघून हसत होता.

“कुठली किल्ली होती त्या दिवशी?” त्यांनी विचारलं.

“ही. खिळ्याला असते ती. यांची कुठे खिशात राहिली होती, शोधायला वेळ कुठला.”

मिस्त्रींनी दोन्ही किल्ल्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. “हे दात बघा. ही दुसरी, झिजलेल्या किल्लीवरून काढलेली. मुळातच बुटकी. वहिनी, या कुलपात ही किल्ली फिरूच शकत नाही. तुमच्या जागी मी बसलो असतो तरी नसती फिरली. तुमच्या हातात काही कमी नव्हतं.”

तिनं बुटकी किल्ली उचलून घेतली. मग हळूच म्हणाली, “मग यांनी ती खिळ्याला का ठेवली?”

हे मिस्त्रींच्या ध्यानातच आलं नव्हतं. ओझं तिच्या खांद्यावरून काढलं तर ते मेलेल्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसणार होतं. मोकळी जागा दिसली की ओझं तिथे जातं.

“सरांनी मला फोन करून सांगितलं होतं,” ते म्हणाले. “ही किल्ली चालत नाही, दुरुस्त करून द्या म्हणून.” त्यांनी पिशवीत हात घातला, फडकं बाजूला सारलं आणि डबा काढून, अक्षरं तिच्या बाजूला येतील असा सीटवर ठेवला.

तिनं ‘सर’ वाचलं. खालची तारीख वाचली. ओठ हलले, बहुधा दिवस मोजत असावी.

“तीन आठवडे हे तुमच्याकडे होतं?”

“हो.”

“अडचण काय होती?”

वर्षभर त्यांनी या प्रश्नाला उत्तरं रचली होती. कामं फार होती, घरात आजारपण होतं.

“काही नाही,” ते म्हणाले. “कंटाळा केला. आज करू उद्या करू म्हणत राहिलो.”

ती रडेल, ओरडेल, डबा अंगावर फेकेल असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “बसवा.”

मिस्त्रींनी बारीक भोकातून टोचणीनं खिट्टी दाबली, जुनं कुलूप ओढून काढलं, नवं सरकवलं. खट आवाज आला. प्लास्टिकचं झाकण लावलं, चार स्क्रू पिळले. एक स्क्रू दोनदा पडला. ती सगळा वेळ खांबाला टेकून उभी होती.

“बघता का चालवून?” नवी किल्ली पुढे करत ते म्हणाले.

ती आत बसली. सवयीनं डावा हात स्टिअरिंगकडे गेला.

“त्याला हात लावायची गरज नाही आता,” मिस्त्री म्हणाले.

तिनं हात मांडीवर ठेवला. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

“एवढंच होतं?” तिनं विचारलं.

“एवढंच.”

तिनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. “पाऊण तासही नाही लागला.”

तिनं गाडी बंद केली. मग पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन लागलं. पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. मिस्त्री पिशवी हातात घेऊन बाजूला उभे होते. जा असं ती म्हणाली नाही आणि थांबा असंही म्हणाली नाही. ती पुढे बघत किल्ली फिरवत राहिली आणि प्रत्येक वेळी गाडी लगेच सुरू होत राहिली.