सत्यभामाआजींची चाळणी आणि मी

मी एक जुना खोडरबर आहे. मित्रांनो, सध्या मी तुरीच्या दाण्याएवढा उरलो असलो, तरी जन्मलो तेव्हा चांगला धिप्पाड होतो. अंगाला स्ट्रॉबेरीचा वास होता. त्यामुळे तिसरीतल्या खुशीने मला चावून पाहिले आणि कळंबच्या शाळेतल्या दीपाबाईंनी मला जप्त केले.

ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षे होती. गावात शहरातल्या गाड्या यायच्या, वार्ताहर कापसाचा भाव विचारून जायचे. दीपाबाई मात्र सत्यभामाआजींना तीस वर्षांपूर्वीचे विचारत. गावच्या विहिरीवर पाणी भरले म्हणून आजींची वस्ती पेटवली गेली, त्या दिवसाचे. त्यावर बाई पुस्तक लिहीत होत्या. प्रत्येक पान आजींना वाचून दाखवायचे, त्यांनी मान हलवली तरच पुढे जायचे, असा बाईंचा नियम होता.

मोठमोठ्या शब्दांनी आणि उपासमारीने भरलेले पहिले पान ऐकून आजी म्हणाल्या, "हे कोनाच्या घरचं लिहून राह्यली वं दीपा? आमच्या चुलीवर तं भाकर होती."

मग मी कामाला लागलो. 'भीषण' सहज गेला. 'अमानुष'ला दोनदा घासावे लागले. 'काळीज पिळवटणारे' खोडताना माझा एक कोपराच गेला. बाईंनी मला शाबासकी दिली. त्याच भरात त्यांनी आणखी एक ओळ खोडली : 'पळताना सत्यभामाने फक्त चाळणी उचलली.' मी ती इतकी स्वच्छ पुसली की मला माझाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी आजींची मान हलेना.

"माही चाळणी कुठी गेली?"

"आजी, लोक हसतील."

"हासू दे. मीबी हासतो. घर जळून राह्यलं अन् मी चाळणी घेऊन धावून राह्यली, जशी काही तिच्यातच पानी आनून इझवनार होती! भाकर तिथंच, लेकराचे कपडे तिथंच. इतलं भेव होतं, पोरी. चाळणी नसन, तं माहं नावबी काढून टाक."

पुस्तकाची पहिली पाने आठवड्याने छापायला जायची होती. बाईंनी मला बाजूला ठेवले आणि पेन्सिलीला टोक केले. मी घासून कागद पातळ केला होता. पेन्सिल आरपार जाता जाता राहिली, पण ओळ परत आली.

आजींनी ऐकले, मान हलवली. "हं. आता जळलं माहं घर."

मित्रांनो, आता मी कंपासपेटीत पडून असतो. मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. खुशाल घासा. कितीही मोठा शब्द असू द्या, मी त्याला पुरून उरेन. पण कुणाची चाळणी खोडायची असेल, तर आधी तिला विचारून या.

मी थांबतो. नाहीतरी मला कुठे जायचे आहे?