कोपराचा रफू

शनिवारी पाचला वीस मिनिटं कमी असताना रफूवाली बाई मागच्या खोलीत येऊन बसली, मांडीवर कोट घेऊन. खोली एवढीशी, की दोन माणसं एकदम वळली तर एकाचं कोपर दुसऱ्याच्या डोळ्यात जावं. एका भिंतीला धाग्यांची रिळं, दुसऱ्या भिंतीशी सुनेचा कॅमेरा आणि दोन दिवे. पुढे सासूचं दुकान, मागे सुनेचं "टिकाऊ".

"टिकाऊ" म्हणजे सुनेचा कार्यक्रम. दर शनिवारी पाचला लोकांच्या फोनवर थेट दिसायचा. शहरात कोण काय दुरुस्त करतं, कोण जुन्यातून नवं उभं करतं, कुठल्या गल्लीत कुठली कारागिरी कशीबशी तग धरून आहे, हे सून हिंडून हिंडून शोधायची आणि दाखवायची. कुणाची जाहिरात घ्यायची नाही, कुणाचं मिंधं व्हायचं नाही. पहिल्यांदा बाई म्हणाली होती, "घरचं धुणं पडलंय आणि हिला शहराची काळजी!" मग एका शनिवारी सुनेने सासूलाच कॅमेऱ्यापुढे बसवलं. तेव्हापासून बाई शनिवारी केस नीट विंचरून यायला लागली. कुणी काही बोललं की म्हणायची, "का, एरवी काय मी झिंज्या सोडून बसते?"

त्या पहिल्याच शनिवारी बाईने एक फुशारकी मारून ठेवली होती. "माझा रफू कुणाच्या बापाला सापडायचा नाही," असं ती अकरा हजार लोकांना म्हणाली. "मला तेवढा सापडतो. आतल्या बाजूने मी एक निळा टाका घालते. चाळीस वर्षांत एकही काम बिनटाक्याचं गेलेलं नाही."

मांडीवरचा राखाडी कोट तिच्या नवऱ्याचा. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. कोट ट्रंकेत होता. दोन महिन्यांमागे तिने तो काढला आणि नाक्यावरच्या पिवळ्या पेटीत टाकला. अशा पेट्या शहरभर एका संस्थेने ठेवल्या होत्या. जुने कपडे द्या, आम्ही धागा न् धागा सुटा करून पांघरुणं विणतो, असं त्यांचं म्हणणं. सुनेने "टिकाऊ"त पेट्यांचं तोंड भरून कौतुक केलं. बाई कोट टाकतेय हेही कॅमेऱ्यात धरून दाखवलं. तिच्या शब्दावर लोकांनी पेट्या ओसंडून भरल्या. कुणी गेलेल्या आईचे कपडे दिले, कुणी बाळाची दुपटी.

आणि परवा लेक तोच कोट पिशवीतून घेऊन आली. लेक मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला. तिथे बॉयलरमागे जळणाचा ढीग पडलेला असतो. त्या ढिगात गाडीभर कपडे येऊन पडले होते आणि वरच बापाचा कोट. बटणं उपटलेली, खालचा काठ होरपळलेला.

"वहिनी, माझं नाव घ्यायचं नाही हं," लेक म्हणाली होती. "तू नाव घेतलंस तर सोमवारी मी घरी बसले म्हणून समज."

म्हणजे साक्षीदार एकच, कोट.

"आई," कॅमेऱ्याची उंची लावता लावता सून म्हणाली, "लोकांना कपडे द्यायला मीच सांगितलं. आता खरं काय तेही मीच सांगायला हवं. पण आज सिद्ध झालं नाही, तर 'टिकाऊ' आजच बंद. पुन्हा कुठल्या तोंडाने बोलू?"

"तुझं तोंड राहू दे बाजूला. मी आहे ना? माझ्या हातचा रफू आहे त्यावर."

"तुम्ही एकदा बघून घेता का पण?"

"स्वतःचं काम बघून घेऊ? उद्या म्हणशील आरशात बघून खात्री करा, तुम्हीच आहात का."

सून परत कॅमेऱ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं, पण बाईचं लक्ष दाराकडे होतं. सुनेने जाब द्यायला बोलावलेला संस्थेचा माणूस आला होता. त्याच्या शर्टाला सुरकुती नव्हती आणि बोलण्यालाही नव्हती. बाईने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं, कडक इस्त्री.

पाच वाजले. दिवे लागले. सुनेने नमस्कार केला, आवाज कापू न देता सगळी हकिगत सांगितली आणि कोट कॅमेऱ्यासमोर धरला. धुराचा वास खोलीभर झाला. कडक इस्त्रीने तो शांतपणे ऐकून घेतला, म्हणजे वासही आणि हकिगतही.

"आजींनी पेटीत कोट टाकला, ते मी पाहिलंय," तो म्हणाला. "पण हा तोच कशावरून? राखाडी कोट या शहरात किती असतील, आजी?"

"असतील पुष्कळ. नवरा एकच होता," बाई म्हणाली. "आणि मी तुझी आजी नाही. असते तर इतकं गोड खोटं बोलायला शिकू दिलं नसतं."

सुनेच्या फोनवर लोकांचे संदेश भराभर वर सरकायला लागले. हसणारे पुष्कळ होते. बाईला स्फुरण चढलं. तिने उजवी बाही पुढे ओढली. "इथे कोपरावर बोटभर भोक पडलं होतं. सापडतंय का बघ."

त्याने बघितलं, अगदी वाकून. सापडलं नाही.

"आता मी दाखवते," म्हणून बाईने बाही उलटी केली.

"हो, दाखवाच," कडक इस्त्री म्हणाला. "निळा टाका. तुम्हीच सांगितलं होतंत. प्रत्येक कामात असतो."

म्हणजे गडी घरून तयारी करून आला होता.

बाईने चष्मा सारखा केला. रफू सापडला, बोटाला लगेच लागला. निळा टाका मात्र नव्हता. तिने बाही दिव्याखाली धरली. नखाने धागे चाचपले, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. राखाडीच राखाडी. चाळीस वर्षांत एकही काम बिनटाक्याचं गेलेलं नाही, हे तिचेच शब्द त्या डबड्यात कुठेतरी कायमचे साठवलेले होते.

"नाहीये का?" त्याने हळूच विचारलं. एखाद्या आजाऱ्याची विचारपूस करावी तसं.

फोनवरचं हसू आता दुसऱ्या बाजूला वळलं. एकाने लिहिलं, म्हातारी गडबडली. दुसऱ्याने लिहिलं, कोट कुठून पैदा केला?

सून पुढे सरकली. "मंडळी," ती म्हणाली, "बहुतेक आमचीच चूक..."

बाईने वर पाहिलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यावर आश्चर्य नव्हतं. टाका सापडायचा नाही हे हिला आधीच माहीत होतं. का माहीत होतं?

बाईने परत खाली पाहिलं, आणि या खेपेला टाका शोधला नाही, धागा वाचला. उजव्या हाताची बाई रफूला उजवीकडून सुरुवात करते आणि डावीकडे संपवते. या धाग्याचं पहिलं टोक डावीकडे दडवलेलं होतं.

या घरात डाव्या हाताने सुई धरणारी एकच होती. नऊ वर्षं बाई तिला म्हणत आली होती, "डावखुरा रफू माझ्या दुकानात चालायचा नाही. तू आपली तुझा कॅमेरा धर."

मग तिला ती थंडी आठवली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि तरी हट्टाने तिने या कोपराला रफू केला होता. नवरा रोज कोट घालायचा आणि म्हणायचा, "बघ, तुझा रफू कसा टिकलाय." म्हणायचा तिला, पण बघायचा सुनेकडे आणि हसायचा. आणि बाई इकडे फुगून ढोल व्हायची.

"...चूक झाली असावी," सून सांगत होती. "तर मी आपल्या सगळ्यांची..."

"थांब," बाई म्हणाली.

"आई, राहू द्या."

"राहू द्या काय? हे तू केलंस?"

सुनेने मान खाली घातली. कॅमेरा चालूच होता.

"विचारते ते सांग. पोरांसारखी गप्प नको बसूस."

"तुमचा रफू आठ दिवसांत उसवला होता," सून इतक्या हळू म्हणाली की कडक इस्त्रीलाही पुढे झुकावं लागलं. "बाबा म्हणाले, हिला कळू द्यायचं नाही. निळा टाका मी घातला नाही. तो तुमचा मान."

बाईला वाटलं, उठून पुढच्या दुकानात जावं आणि दार लावून घ्यावं. बाहेर उद्यापासून लोक काय म्हणतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. पण ही पोर तिची लाज झाकायला आपलं सगळं उधळायला निघाली होती, तेही सासूला एक शब्द न बोलता.

बाई कॅमेऱ्याकडे वळली. "ऐका. हा रफू माझा नाही. माझा उसवला. डोळे गेले होते आणि तोंड तेवढं शाबूत होतं. हा माझ्या सुनेचा आहे, डाव्या हाताचा. मला स्वतःला तो माझा वाटला, यावरून काय ते समजा."

"हे काही सिद्ध होत नाही," कडक इस्त्री म्हणाला.

"होईल. बस."

तिने कात्री उचलली आणि नवऱ्याच्या कोटाच्या डाव्या कोपरावर कचकन चालवली. सुनेच्या तोंडून "आई!" निघालं. बाईने कोट तिच्या मांडीत टाकला. "कर. सगळ्यांसमोर."

सुनेने आतल्या शिवणीतून धागे उपसले आणि डाव्या हातात सुई घेतली. खोलीत फक्त धागा ओढल्याचा आवाज. फोनवरही कुणी लिहीत नव्हतं. कडक इस्त्रीने दोनदा घड्याळ पाहिलं.

"मला निघायला हवं. कोट आम्ही चौकशीसाठी नेतो."

"दार उघडंच आहे," बाई म्हणाली. "कोट इथेच राहील."

तो उठला, पण गेला नाही. अकरा हजार लोकांदेखत पाठ कशी फिरवणार! मग फोनवर एक संदेश आला. सुनेचे हात अडकलेले, म्हणून बाईने तो अडखळत अडखळत, अक्षरं जोडत मोठ्याने वाचला. "मी आईची शाल दिली होती. ती कुठे आहे?" लगेच दुसरा. बाळाची दुपटी कुठे आहेत? मग तिसरा, चौथा, वाचता येईनात इतके. कडक इस्त्रीचा खिशातला फोन घरघरला. फोन कानाला लावून तो जो बाहेर गेला तो गेलाच.

सुनेने धागा संपवला. बाईने दोन्ही बाह्या उलट्या करून कॅमेऱ्यापुढे शेजारी शेजारी धरल्या. दोन्हीकडे पहिलं टोक डावीकडे, दोन्हीकडे तीच वीण, टाक्यातलं अंतरही तेच. कुणाला सांगायची गरज पडली नाही.

सून सुई रिळात खोचायला गेली.

"थांब. अर्धं काम टाकून उठतेस?" बाईने निळं रीळ काढून तिच्यापुढे आपटलं. "दोन्हींत घाल. नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा माझंच नाक कापायचीस."

सुनेने धागा ओवला. तिला आधी दिसेना, डोळे भरले होते. मग ओवला गेला. एक टाका इकडे, एक टाका तिकडे.

बाईने चष्मा वर करून जवळून पाहिलं. कॅमेरा अजून चालू होता, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"वाकडा आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "थोडा."